अ‍ॅपवर गट पिवळा दिसतोय, टोकन देऊ का?

मागच्या अंकात सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्याबद्दल लिहिलं होतं, आणि प्रश्न आले ते भलतेच, जवळजवळ सगळे झोनचे. हल्ली जमीन दाखवणारी अ‍ॅप्स आणि वेबसाइटी निघाल्यात ना, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, की सॅटेलाइट फोटोवर तुमचा गट रंगून येतो. बहुतेकांनी तोच स्क्रीनशॉट जोडलाय, फक्त गाव वेगळं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: शिरूर तालुक्यात वीस गुंठे बघितलेत. अ‍ॅपवर गट पिवळा दिसतो, टच केलं की 'रेसिडेन्शियल' येतं. सातबाऱ्यावर मात्र जिरायत आणि बाजरी. एजंट म्हणतो सातबारा जुनाट असतो, अ‍ॅप अपडेटेड असतं, येलो झोन आहे, रविवारपर्यंत टोकन टाका. कोणाचं खरं मानू?

सातबारा आणि अ‍ॅप यांच्यात भांडण नाहीचे मुळात, भांडण एजंटने लावलंय. सातबारा सांगतो जमीन कोणाची, किती आणि आत्ता तिच्यात काय पिकतंय, तो महसूल खात्याचा कागद. झोन सांगतो उद्या त्या जमिनीवर काय करू देतील, तो नगररचनेचा विषय, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली जे आराखडे बनतात त्यातून येतो. दोन खाती, दोन कपाटं. त्यामुळे सातबाऱ्यावर बाजरी आणि आराखड्यात रहिवास झोन हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, शहराच्या कडेला निम्म्या गटांचं तसंच असतं. उलटंही होतं, गटात चार खोल्या बांधलेल्या, भाडेकरू राहतायत, आणि आराखड्यात चक्क शेती झोन.

तेव्हा प्रश्न सातबाऱ्याचा नाही, तो पिवळा रंग कुठून आला हा आहे. अ‍ॅपवाले जमीन बघायला गेलेले नसतात, त्यांनी कुठलातरी आराखडा पीडीएफमधून उचलून सॅटेलाइट फोटोवर ताणून बसवलेला असतो. कुठला आराखडा, कुठल्या टप्प्यावरचा, हे विचारायचं. आराखडा आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होतो, लोक हरकती-सूचना देतात, सुनावण्या होतात, फेरफार होतात, मग सरकारकडे जातो आणि मंजूर होऊन येतो. मंजूर होतानाही काही तुकडे बाजूला ठेवतात, त्यांना नकाशावर ई.पी., म्हणजे मंजुरीतून वगळलेला भाग, म्हणतात, त्यांचा निर्णय मागाहून लागतो. प्रारूपात पिवळा असलेला गट मंजुरीत हिरवा, म्हणजे शेती झोन, होऊन आलेला मी स्वतः पाहिलाय, आणि मालकाने तोवर बंगल्याचा प्लॅन काढून घेतला होता.

तुमच्या भागाचंच घ्या. शिरूर तालुक्याचा काही भाग पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, येतो. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे रंगीत नकाशे फोनाफोनावर फिरले, त्यावर किती जमिनी विकल्या गेल्या देव जाणे, आणि पुढे सरकारने तो आराखडाच रद्द केला. रंग मात्र रद्द झाले नाहीत, ते अजून कोणाच्या तरी वॉट्सअ‍ॅपवर 'डीपी फायनल' नावाने फिरतायत (डीपी म्हणजे विकास आराखडा). मला आलेल्या स्क्रीनशॉटांपैकी तीनांवर तर आराखड्याचं नावच नाही, वर्ष नाही, नुसता पिवळा. नाव आणि वर्ष नसलेला रंग म्हणजे भिंतीचा रंग हो, त्याच्यावर टोकन देतात का?

आता दुसरी गोष्ट, ती मला जरा लांबट सांगायची आहे कारण आयुष्य त्यात गेलं. मी नगररचनेच्या कचेरीत अनुरेखक म्हणून लागलो, म्हणजे ट्रेसर, काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वर ट्रेसिंग क्लॉथ, आणि शाईच्या पेनाने झोनची हद्द ओढायची. घामाचा थेंब पडला तर शाई फुटायची म्हणून मनगटाखाली टाल्कम पावडर लावायचो. प्रादेशिक योजनेचा नकाशा १:५०,००० मापाचा असेल तर त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. आता दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू जेमतेम ३२ मीटर भरते. म्हणजे माझ्या पेनाची रेघ जराशी जाड पडली की अख्खा प्लॉट त्या रेघेच्या पोटात. अलीकडे पिवळा, पलीकडे हिरवा, आणि तुमचे दहा गुंठे रेघेत! छापलेल्या नकाशावर हे चालतं कारण तो नकाशा गट बघण्यासाठी केलेलाच नव्हता, पण अ‍ॅपमध्ये तुम्ही दोन बोटांनी झूम करत करत विहिरीच्या काठापर्यंत जाता आणि रेघ तिथेही केसासारखी बारीक दिसते, म्हणून खरी वाटते.

भरीला गटांच्या हद्दी. गावनकाशे साखळीने मोजून कागदावर हाताने काढलेले, साखळी ३३ फुटाची, म्हणूनच गुंठा ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. ते कागद दमट कपाटात आक्रसलेले, घड्या पडलेले, मग स्कॅन करून फोटोवर बसवले. माझ्या साडूने मोठ्या कौतुकाने अ‍ॅप दाखवलं तेव्हा त्याच्या गटातली विहीर, जिचं पाणी तो पंचवीस वर्षं उपसतोय, ती अ‍ॅपवर शेजाऱ्याच्या गटात गेली होती. सगळा गटच एका बैलगाडीच्या रस्त्याएवढा पूर्वेला सरकलेला. आता गट सरकला की त्याच्यावरचा झोनही चुकीचा लागणार, साधी गोष्ट. ही परीक्षा तुम्हीही करा: गटातली विहीर, ओढ्याचं वळण, शिवेवरचा दगड, असलं हलत नाही ते काहीतरी शोधा आणि अ‍ॅपवर ते कुठे पडतंय बघा. ते चुकलं तर रंगाचं बोलूच नका.

करायचं काय तर झोन दाखला आणि सोबत भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला तुमच्या गटापुरता तुकडा, काढायचा. गट ज्या प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तिथे, म्हणजे महापालिका, नगरपरिषद किंवा पीएमआरडीएसारखं प्राधिकरण, आणि यातलं काहीच नसेल तर जिल्ह्याच्या नगररचना शाखेत. सातबारा आणि मोजणीचा किंवा गटाचा नकाशा जोडून अर्ज करायचा, फी किरकोळ असते. दाखला हातात आला की पहिली ओळ वाचून घडी घालू नका, खालचं बारीक अक्षर वाचा: कुठल्या आराखड्यानुसार, तो मंजूर कधी झाला, संपूर्ण गट की अंशतः, कुठला डीपी रस्ता जातो का. आणि रविवारचं टोकन सोडा, दाखल्यासाठी थांबायला तयार नसलेला विकणारा काय लपवतोय ते तरी कळेल.

(आणि हो, तुम्ही स्वतः शेतकरी आहात का? नसाल तर जमीन शेतीची असताना सहसा सरळ खरेदीखत होत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. हे एजंट सगळ्यात शेवटी सांगतात.)

प्रश्न: गट सव्वा एकराचा, अ‍ॅपवर अर्धा पिवळा अर्धा हिरवा आणि मधून एक राखाडी पट्टा. आम्हाला त्यातले पाच गुंठे देतायत, 'पिवळ्यातले' म्हणून. झोन दाखल्यावर लिहिलंय 'अंशतः रहिवास, अंशतः शेती, अंशतः रस्ता'. चालेल का?

राखाडी पट्टा म्हणजे बहुतेक डीपी रस्ता, आज तिथे ऊस असला तरी. दाखला बरोबर आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. आराखड्यात गट असतो, तुमचे पाच गुंठे नसतात. तुमच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिणार 'पूर्वेस गटातील उर्वरित क्षेत्र, पश्चिमेस गटातील उर्वरित क्षेत्र', म्हणजे काहीच लिहिलं नाही. मग उद्या पाच भाऊ, सात खरेदीदार, आणि प्रत्येकाचा प्लॉट पिवळ्यात, हिरव्यात कोणाचाच नाही आणि रस्त्यात तर अजिबात कोणाचा नाही, असं होतं.

आधी गटाची सरकारी मोजणी मागा, त्या मोजणी नकाशावर झोनची हद्द आणि रस्त्याची आखणी टाकून मागा, आणि त्याच नकाशात तुमचा तुकडा दाखवून तो नकाशा खरेदीखताला जोडा. विकणारा 'एवढं कोण करतं' म्हणाला तर घेऊ नका. तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचा, विषय आणखी वेगळा आहे, त्यातले नियम अलीकडे बदललेत, त्यावर एक अख्खं सदर लागेल.

एक राहिलं. पिवळा भाग नदीकडचा आहे असं तुमच्या स्क्रीनशॉटवरून वाटतंय. जलसंपदा खात्याच्या पूररेषा वेगळ्या असतात, निळी आणि लाल, निळी साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत झोन पिवळा असो नाहीतर सोनेरी, बांधकाम मिळत नाही. हा लेयर कित्येक अ‍ॅप्समध्ये नसतोच, आणि असला तरी बंद करून ठेवलेला असतो, डाव्या कोपऱ्यातल्या लेयरच्या यादीत जाऊन टिक करावं लागतं.

प्रश्न: प्लॉट एनए (अकृषिक) आहे, ऑर्डर बघितली. आता झोन बघायची गरज नाही ना?

आहे. एनए कशासाठी झालंय ते वाचा, वीटभट्टीसाठी झालेलं एनए घरासाठी चालत नाही. आणि आता उलट्या बाजूने झोनच महत्त्वाचा झालाय: जमीन महसूल संहितेत २०१७ पासून कलम ४२ब आहे, अंतिम विकास आराखड्यात झोन रहिवास असेल तर रहिवासासाठी वेगळी एनए परवानगी घ्यावी लागत नाही, ठरलेली रक्कम भरायची असते. म्हणजे एनएची ऑर्डर नाही म्हणून घाबरू नका आणि आहे म्हणून निवांत होऊ नका.

प्रश्न: वडिलोपार्जित जागेवर बागेचं आरक्षण आहे. शेजारी म्हणतात दहा वर्षं झाली की आपोआप उठतं. आम्ही बघतोय त्या वेबसाइटवर अजून हिरव्या रेघा दिसतात. उठलं की नाही?

आपोआप काही उठत नाही, हा गैरसमज इतका पसरलाय की लोक दहाव्या वर्षाचा वाढदिवस करतात. १९६६ च्या त्याच कायद्याचं कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही किंवा संपादनाची प्रक्रिया सुरू केली नाही, तर मालकाने प्राधिकरणाला नोटीस द्यायची, मालकीहक्काचे कागद जोडून, कागद न जोडलेली नोटीस धरतच नाहीत. त्यानंतर २४ महिन्यांत त्यांनी संपादनासाठी पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे संपलं, असं मानतात आणि सरकार तसं राजपत्रात जाहीर करतं. जुन्या लोकांच्या डोक्यात सहा किंवा बारा महिने बसलेले असतात, ते आधीचं, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस. आणि दहा वर्षं मोजायची ती कुठल्या आराखड्यापासून, मधे सुधारित आराखडा आला असेल तर काय, यावर कोर्टात बरंच झालेलं आहे, इथे वकील लागेल, हे सदर पुरणार नाही.

आता वेबसाइटच्या हिरव्या रेघा. त्या आराखड्याच्या मूळ नकाशावरून आल्यात. आरक्षण व्यपगत झालेलं राजपत्रात येतं, नकाशा कोणी पुन्हा रंगवत नाही. त्यामुळे उठलेलं आरक्षण वर्षानुवर्षं अ‍ॅपवर दिसतं, आणि नंतर फेरबदलाने नव्याने टाकलेलं दिसत नाही. तुम्ही नोटीस दिली होती का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. दिली नसेल तर हिरव्या रेघा बरोबर आहेत समजा.

प्रश्न: आम्ही गोव्याचे, बार्देशातले. भावाच्या नावावर एक-चौदाचा उतारा (आमच्याकडचा सातबारा) आहे. एका प्रॉपर्टी साइटवर जागा 'सेटलमेंट' (वस्ती) दाखवते, दुसऱ्या साइटवर 'ऑर्चर्ड' (बागायत). असं कसं?

दोन साइटींनी दोन वेगळे नकाशे घेतले असणार, एवढंच. गोव्यात आधी हे बघायचं की तुमचा सर्वे नंबर कुठल्या प्लॅनमध्ये येतो, म्हापशासारख्या भागांत ओडीपी, म्हणजे शहरी भागाचा आराखडा, बाकी गावांत रिजनल प्लॅन २०२१. नावात २०२१ आहे म्हणून तो २०२१ ला झाला असं नाही हं, तेवढं लक्षात ठेवा, आणि त्याच्या आधीचा २०११ चा प्लॅन लोकांनी रस्त्यावर येऊन मागे घ्यायला लावला होता, हे बार्देशात मी सांगायला नको.

पण तुमच्या गोंधळाचं कारण दुसरं असेल असं मला वाटतं. २०२३ मध्ये तिथल्या नगर आणि ग्रामनियोजन कायद्यात १७(२) हे पोटकलम आलं, प्लॅनमधली 'चूक' दुरुस्त करायची म्हणून, आणि त्याखाली एकेक सर्वे नंबर ऑर्चर्डमधून सेटलमेंटमध्ये जायला लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द ठरवल्या. आता ज्या साइटने मधल्या काळातला बदल चढवला ती सेटलमेंट दाखवणार, जिने मूळ प्लॅन ठेवला ती ऑर्चर्ड. तुमच्या सर्वे नंबरचा बदल या रस्त्याने झाला असेल तर टीसीपीचं, म्हणजे तिथल्या नगरनियोजन खात्याचं, झोनिंग सर्टिफिकेट आजच्या तारखेचं घ्या, कोर्टाच्या आधीचं जुनं सर्टिफिकेट दाखवून कोणी विकायला आला तर दोन पावलं मागे व्हा. आणि सेटलमेंट असलं तरी सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, वेगळी लागते.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. हंटर्डन काउंटीत सात एकर बघतोय, आईबाबा आले की त्यांच्यासाठी छोटं घर बांधू असा विचार. पार्सल दाखवणाऱ्या टूलवर ३बी असं येतं. हा झोन का? घर बांधता येईल?

तुमची गडबड आणि शिरूरकरांची गडबड एकच आहे बघा, सात समुद्र ओलांडून तीच. ३बी हा झोन नाही. न्यू जर्सीत टॅक्स लावायला जमिनीचे वर्ग करतात, १ म्हणजे मोकळी जमीन, २ म्हणजे राहतं घर, ३बी म्हणजे शेती म्हणून कर-सवलत घेणारी जमीन, ४ए दुकानं वगैरे. हा तुमचा तिकडचा 'जिरायत, बाजरी' समजा, आज काय चाललंय एवढंच. टूलवाले हा आकडा टॅक्सच्या यादीतून उचलतात कारण ती सहज मिळते, आणि झोनचा रकाना कित्येकदा रिकामा असतो किंवा जुना.

झोन ठरवतं तुमचं टाउनशिप, काउंटी नाही, राज्यही नाही, म्हणून शेजारच्या टाउनशिपमध्ये तोच कोड वेगळ्या अर्थाने असू शकतो, हे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला पचायला जड जातं. (ह्यूस्टनच्या मित्राला विचारू नका, तिथे झोनिंग नाहीच.) ब्लॉक आणि लॉट नंबर घेऊन टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसरला फोन करा: कुठला झोन, कमीत कमी किती एकरावर एक घर, एका लॉटवर दुसरं घर चालतं का, हद्दीपासून किती आत. टाउनशिपचा अध्यादेश ऑनलाइन असतो, तो वाचवतो का बघा, इंग्रजी आहे पण आपल्या जीआरसारखंच.

मग तीन गोष्टी ज्या टूलवर दिसणार नाहीत. एक, शेतीची सवलत मोडून घर बांधलंत की रोलबॅक टॅक्स येतो, ते वर्ष आणि मागची दोन, सवलतीतला फरक भरायला लागतो, कोण भरणार ते करारात आधीच लिहून घ्या. दोन, हंटर्डनचा काही भाग हायलँड्समध्ये, म्हणजे पाणी जपण्यासाठी राखलेल्या डोंगराळ पट्ट्यात, येतो, २००४ च्या कायद्याने तिथे बांधकामावर वेगळे निर्बंध आहेत, झोनच्या वरचे. तीन, आणि ही सगळ्यात महागात पडते, आधीच्या मालकाने शेती जपण्याच्या योजनेत विकासाचे हक्क विकून टाकले असतील तर तसं डीडवर, म्हणजे तिकडच्या खरेदीखतावर, लिहिलेलं असतं. झोन म्हणेल घर बांधा, डीड म्हणेल नाही, आणि डीड जिंकेल. टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकीचे कागद तपासताना, हे मुद्दाम विचारा.

प्रश्न: सर, फुकटातलं चांगलं अ‍ॅप कुठलं?

नाव नाही सांगणार, उद्या ते बिघडलं की शिव्या मला. गटाचा आकार आणि शेजारचे गट बघायला सरकारचा महाभूनकाशा आहे, पण त्यात झोन शोधत बसू नका, तो त्याचा विषय नाही. मुंबईवाल्यांनी सीटीएस (नगर भूमापन) नंबर घेऊन महापालिकेचं डीपी रिमार्क, म्हणजे त्यांचा झोन दाखला, काढावं. बाकी कुठलंही अ‍ॅप घ्या, झोनवर बोट दाबल्यावर आराखड्याचं नाव आणि मंजुरीची तारीख दाखवतं का एवढं बघा. माझ्या फोनवर चार आहेत, साडूची विहीर त्यातल्या एकानेच बरोबर गटात दाखवली.